आईच्या रक्तात बाळाची खूण

आपले शरीर बारीक पेशींचे बनते. पेशीत गुणसूत्रे असतात ४६, म्हणजे २३ जोड्या. रंगरूप त्यांतूनच येते. कधी एकविसाव्या जोडीत एक जास्तीचे येते. त्याला डाऊन सिंड्रोम म्हणतात. अशी मुले आम्ही शाळेत शिकवली. सावकाश शिकतात, पण शिकतात हो! घरचे मात्र सुनेला बोल लावायचे. तिचा काय दोष त्यात?

वारेतून गुणसूत्रांचे अगदी बारीक तुकडे आईच्या रक्तात उतरतात. हाँगकाँगचे डॉक्टर डेनिस लो यांनी १९९७ साली ते ओळखले. आता दहाव्या आठवड्यानंतर आईच्या दंडातले थोडे रक्त घेतात नि तुकडे मोजतात. एकविसाव्याचे जास्त भरले, तर संशय. नुसता संशय, बरं का! खात्रीसाठी पंधराव्या आठवड्यानंतर सुईने गर्भजल काढून तपासतात.