युद्धकाळातली बोट : साहेबांचा प्रवास आणि आपलं गणित

निलंग्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे बोटीचा विषय आपला नाही असं वाटतं. पण वेळ, वेग, अंतराचं गणित तर आपलंच आहे!

इंग्रज अधिकारी रजेवर जायचे-यायचे ते मुंबई-लंडन आगबोटीने. पी अँड ओ कंपनीची डाकबोट दर आठवड्याला सुटायची. युद्ध सुरू झालं की मात्र साधं तिकीट काढणंही अवघड व्हायचं. पहिला प्रश्न मार्गाचा. सुएझमार्गे अंतर सुमारे ६,२०० सागरी मैल. ताशी १५ सागरी मैल वेग धरून मी हिशेब केला, तर १७ दिवस आले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरला आणि भूमध्य समुद्राची वाट जवळपास बंद झाली. मग आफ्रिकेला वळसा, म्हणजे सुमारे १०,७०० मैल. त्यात बोटी ताफ्याने जाणार, आणि ताफ्याचा वेग म्हणजे सर्वांत मंद बोटीचा वेग. तो १२ धरला तर ३७ दिवस! पाणबुडीला नेम धरता येऊ नये म्हणून नागमोडी जायचं, त्याचं अंतर वेगळंच. शिवाय सुटण्याची तारीख गुप्त आणि रात्री दिवे बंद.

ही काळजी उगाच नव्हती. लंडनहून मुंबईला येणारी 'पर्शिया' ३० डिसेंबर १९१५ ला क्रीट बेटाजवळ टॉर्पेडोने काही मिनिटांतच बुडाली. तीनशेहून अधिक माणसं गेली. जर्मन 'वुल्फ' जहाजाने तर १९१७ मध्ये थेट मुंबईच्या समुद्रात पाणसुरुंग पेरले. त्यावर आदळून जूनमध्ये 'मंगोलिया' बुडाली.

मला सर्वांत महत्त्वाचं उदाहरण वाटतं ते 'अरेबिया'चं. ६ नोव्हेंबर १९१६ ला भूमध्य समुद्रात तिला टॉर्पेडो लागला. प्रवासी सगळे वाचले, मेले ते ११ कर्मचारी. टॉर्पेडो पाण्याखाली लागतो, आणि बॉयलर, इंजिन तिथंच असतात. तिथल्या माणसाला जिना चढायलाही वेळ मिळत नाही. या बोटींवर भट्टीत कोळसा टाकणारे बहुतेक आपल्याच देशाचे. साहेबाची केबिन वरच्या मजल्यावर, त्याचा प्रवास ज्यांच्या घामावर चालला ते सर्वांत खाली.

आपण उद्या यंत्रं डिझाईन करू. कार्यक्षमता तर काढूच. पण यंत्र बिघडलं तर सर्वांत आधी कोण सापडणार आणि त्याला बाहेर पडायला किती सेकंद मिळणार, हा आकडाही ड्रॉईंगवर असलाच पाहिजे.