पवित्रता वाडीतली, बाजारातली

१. मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी. वसईत आमची भाजीची वाडी आहे. खुरपणीला येणाऱ्या बाया घरी जाताना वाटेतच तांदूळ-तेल घेतात. ‘उद्या एकदम देते’ म्हटलं, की त्यांची त्या रात्रीची चूल अडते. लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात देव आपल्या लोकांना पवित्र व्हायला सांगतो, आणि त्याच अध्यायात बजावतो, की रोजंदाराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका, शेताच्या कडेचं पीक गरिबाला राहू द्या, वजनमापात खोटेपणा करू नका. म्हणून आमच्याकडे आधी मजुरी, मग रोझरी. हा क्रम मी पूर्ण विचाराने लावला आहे.

२. जुडी बांधताना पिवळी पानं आत दडवता येतात. गिऱ्हाईक घरी जाऊन ती सोडेल तेव्हा मी तिथे नसेन, देव असेल.

३. संतपण फक्त फादर-सिस्टरांसाठी नाही. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. त्यांचा आम्हांला केवढा अभिमान! पण तसं मरण क्वचितच कुणाला येतं. भाजी विकणं, डबे भरणं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कूस बदलणं हे रोजचं असतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये स्पष्ट सांगितलं, की पवित्रतेचं पाचारण प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आहे, मग तो कोणत्याही स्थितीत जगत असो. धर्मग्रामातल्या प्रत्येक घराला हे माहीत असायला हवं.

४. जीभ आवरावी, कान उघडे ठेवावेत. पोप फ्रान्सिस यांनी 2018च्या आपल्या बोधपत्रात बाजारात गेलेल्या एका बाईचं उदाहरण दिलं आहे. शेजारीण भेटते, कुचाळक्या सुरू होतात, आणि ही मनाशी ठरवते, कुणाचं वाईट बोलायचं नाही. घरी ती दमलेली असते, तरी बोलायला आलेल्या लेकराजवळ बसून त्याचं ऐकून घेते. लेकराचं ऐकणं मला जास्त कठीण वाटतं. दिवसभर उन्हात राबल्यावर धीर स्वतःच्या बळावर येत नाही, मागावा लागतो. रविवारची मिस्सा माझी त्यासाठीची शिदोरी आहे.

५. अबोला मिस्सेआधी मोडावा. वाडीच्या वाटणीवरून, हातभर बांधावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. दोघे एकाच मिस्सेला येतात, वेगवेगळ्या बाकांवर बसतात आणि दोघेही ख्रिस्तशरीर स्वीकारतात. हे पाहून माझा जीव तुटतो. प्रभू येशूने तर सांगितलं आहे, की अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा. तुमच्या घरात असा अबोला असेल तर उपवासकाळाची वाट पाहू नका. येत्या रविवारच्या आत, ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्या दारी जा आणि पहिला शब्द तुम्हीच बोला.