पुरात तगणारे भात व त्यातील प्रथिनाचे कार्य

महसूल खात्यातील आमची बरीचशी नोकरी पंचनामे लिहिण्यात गेली. पूर ओसरला की बांधावर उभे राहून गट नंबर, क्षेत्र, पीक व नुकसानीचे कारण ही सदरे भरावयाची. भाताच्या खाचराबाबत कारणाच्या सदरात आम्ही नेहमी एकच वाक्य लिहीत असू : 'पुराच्या पाण्याने पीक कुजले.' सेवानिवृत्तीनंतर या विषयावरील संशोधन वाचण्यात आले, तेव्हा आमचे वाक्य अपुरे होते असे कळून आले. बुडालेले भात बहुधा आधी उपाशी मरते व मागाहून कुजते. या भेदातूनच उपायाची वाट निघाली आहे. म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

भात हे पाण्यातले पीक खरे. परंतु मुळाशी पाणी असणे निराळे आणि शेंड्यावरून पाणी जाणे निराळे. पाण्यातून वायूंचा संचार हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट मंद होतो. त्यामुळे बुडालेल्या रोपास प्राणवायू पुरेसा मिळत नाही. पाणी गढूळ असल्यास उजेडही मिळत नाही. आणि रोपाच्या अंगी उत्पन्न होणारा इथिलीन वायू बाहेर न जाता आतच कोंडतो. तो कोंडला म्हणजे सामान्य भात पाण्याबाहेर डोके काढण्यासाठी झपाट्याने उंच होऊ लागते. या वाढीस नवे अन्न मिळत नाही. साठविलेली शर्करा व पिष्ट ही गाठची पुंजीच खर्च होते. पाणी लवकर न हटल्यास ती संपते. पूर उतरल्यावर लांबलचक, पिवळी व लुळी रोपे चिखलात आडवी झालेली दिसतात, ती यामुळेच.

याला अपवाद असलेले एक भात ओडिशातील जुन्या गावठी वाणातून निवडलेले आहे. त्याचे नाव 'एफआर १३ ए'. ते सुमारे दोन आठवडे बुडूनही जगते. १९९६ साली केनाँग शू व डेव्हिड मॅकिल यांनी हा गुण भाताच्या नवव्या गुणसूत्रावरील एका जागी असल्याचे दाखविले. त्या जागेस 'सब १' म्हणतात. २००६ साली त्यातील 'सब १ ए' हे जनुक मुख्य असल्याचे सिद्ध झाले. या कामात पामेला रोनाल्ड व ज्युलिया बेली-सेरेस यांचाही भाग होता.

दप्तराच्या भाषेत सांगावयाचे तर जनुक हा लेखी हुकूम होय आणि प्रथिन हा तो बजावणारा शिपाई होय. इथिलीन कोंडताच 'सब १ ए'चे प्रथिन तयार होते व वाढ घडविणाऱ्या जिबरेलिन या द्रव्याचा अंमल रोखून धरते. रोप धडपड सोडून स्वस्थ राहते, पुंजी जपते, आणि पाणी उतरताच नवी पाने फोडते.

याच कुळातील प्रथिनांविषयी २०११ साली आणखी एक शोध लागला. प्राणवायू भरपूर असेपर्यंत वनस्पती यांपैकी काही प्रथिने घडवून लगोलग मोडीत काढीत असते. प्राणवायू कमी पडला की ही मोड थांबते, प्रथिने साचतात, व तंगीच्या काळची व्यवस्था सुरू होते. नॉटिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांनी जव या पिकात मोडीची ही योजना शिथिल केली, तेव्हा ते पीक साचलेल्या पाण्यात अधिक टिकले. यावरून भातापलीकडच्या पिकांसही आशा आहे.

आता प्रत्यक्ष शेताकडे वळू. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत हा गुण आंध्रातील 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणात संकराने आणला गेला. प्रत्येक पिढीत जनुकाची खूण तपासून रोपे निवडीत व पुनःपुन्हा स्वर्णाशीच संकर करीत 'स्वर्णा-सब १' सिद्ध झाले. २००९ साली ते भारतात प्रसारित झाले. ओडिशातील शेतकऱ्यांच्या शेतांवरील पाहणीचा वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शेत १० दिवस बुडाले असता नव्या वाणाचे उत्पन्न स्वर्णाहून सुमारे ४५ टक्के अधिक आढळले. पूर न आल्यास घट आढळली नाही. त्याच पाहणीत असेही दिसले की अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांची जमीन अधिक पूरप्रवण असल्याने त्यांस या वाणाचा लाभ विशेष होण्याजोगा आहे. सखल जमीन कोणाच्या वाट्यास येते, हे सातबारा चाळणारास निराळे सांगावयास नको.

तथापि मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. हा गुण वाढीच्या काळात रोप पूर्ण बुडाले तरच उपयोगी पडतो. फुलोऱ्यात पूर आला, गुडघाभर पाणी महिनोन्महिने तुंबले, किंवा पेरलेले बी रुजण्यापूर्वीच बुडाले, तर त्यावर भिस्त ठेवू नये. स्वर्णा हे उशिरा तयार होणारे वाण आहे; ज्या खाचरातील ओल लवकर हटते तेथे ते बसेलच असे नाही.

म्हणून आमची शेतकरी बंधूंस दोन प्रकारे विनंती आहे. एक, पूर आला की पाणी शेंड्यावर किती दिवस राहिले व त्या वेळी पीक लावणीपासून किती दिवसांचे होते, हे वहीत टिपून ठेवावे. कोणते वाण घ्यावे याचा निर्णय त्या दोन आकड्यांवर अवलंबून आहे. दुसरी, सखल खाचरातले वडिलोपार्जित वाण उत्पन्न कमी म्हणून समूळ टाकू नये. मूठभर बी दरवर्षी पिकवून राखावे. 'एफआर १३ ए' हेही एके काळी कोणा शेतकऱ्याच्या कणगीतलेच भात होते. ते त्याने राखले नसते, तर प्रयोगशाळेस शोधण्याजोगे प्रथिन कोठून मिळाले असते?