लेकराचा वाढदिवस आणि दुसऱ्या दिवशीचा कचरा

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत कितीतरी जणांना स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिले, तोच जन्मदिवस. आज त्यांच्या नातवंडांचे वाढदिवस घराघरांत होतात, याचा आनंद आहे. म्हणून वाढदिवस करू नका असे आम्ही कधीच म्हणणार नाही. जरूर करा. पण वस्तीत आरोग्याचे काम करताना वाढदिवसाची संध्याकाळ जशी आम्हाला दिसते, तशी दुसऱ्या दिवशीची सकाळही दिसते. हा पाठ त्या सकाळविषयी आहे.

कचरा जातो कुठे?

२५ मुले बोलावली असे धरू. प्रत्येकाला एक प्लेट, एक ग्लास, एक चमचा आणि पाण्याची एक छोटी बाटली. झाल्या १०० वस्तू. शिवाय फुगे, चमकी, केकचा खोका, थर्माकोलची अक्षरे आणि चौकातला फ्लेक्स. दोन तासांत सगळ्यांचे काम संपते. खरकटे लागलेली थर्माकोलची प्लेट भंगारवालाही घेत नाही. मग तिला तीनच वाटा राहतात.

पहिली वाट घंटागाडीची. हा कचरा पुढे कोणीतरी हाताने निवडतो. त्यात खरकटे, फुटलेली काच, टाचण्या एकत्र असतात. हात कापतो, जखम चिघळते, धनुर्वाताचा धोका असतो. ते हात कोणाचे? घंटागाडीवर, गटारात आणि कचऱ्याच्या ढिगावर आजही बहुतेक आपलीच माणसे, आपल्याच आयाबहिणी आहेत. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले. शंभर वर्षे होत आली. आपल्या आनंदाचे खरकटे आपणच आपल्या माणसाच्या हातात द्यायचे का, याचा विचार व्हावा.

दुसरी वाट गटाराची. आपल्या शहरातली गटारे जयंती नाल्याला मिळतात आणि नाला पंचगंगेला. पावसाळ्यात प्लेट-बाटल्यांनी गटार तुंबले, की पाणी आधी सखल वस्तीत शिरते. अंगणात पडलेल्या ग्लासात पावसाचे पाणी साठले, तर डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणाऱ्या डासाला तेवढे पुरते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात.

तिसरी वाट काडेपेटीची. थर्माकोल आणि फ्लेक्स जाळल्यावर निघणारा काळा धूर विषारी असतो. तो सगळ्यात आधी बाळाच्या, गरोदर बाईच्या आणि दम्याच्या माणसाच्या छातीत जातो.

मुलांच्या जिवाला जपा

*फुगा.* फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात घट्ट बसतो आणि श्वास बंद करतो. गॅसच्या फुग्यात पुष्कळदा हायड्रोजन असतो. मेणबत्तीजवळ गेला की त्याचा भडका उडतो.

*स्नो स्प्रे.* यातला वायू पेट घेणारा असतो. पेटत्या मेणबत्तीसमोर मुलाच्या तोंडावर फवारा मारणे म्हणजे चेहरा भाजण्याला आमंत्रण. हा डबा घरात आणूच नका. भाजलेच, तर त्या जागेवर २० मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, तेल काही लावू नका.

*अख्खे शेंगदाणे.* भडंग आपल्या कोल्हापूरची ओळख, पण पाच वर्षांखालच्या मुलाला त्यातले शेंगदाणे काढूनच द्या. पळताना, हसताना दाणा श्वासनलिकेत जातो.

घशात काही अडकले आणि मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्या. खोकता, बोलता, रडता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा मारा. निघाले नाही, तर मागून हात घालून बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने ५ वेळा दाबा. असे आलटूनपालटून करत राहा. एक वर्षाखालच्या बाळाचे पोट मात्र दाबायचे नाही. त्याला हातावर पालथे, डोके खाली धरून पाठीवर ५ थापा, मग उताणे करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ दाब द्या. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून शोधू नका. दुसऱ्या कोणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला सांगा.

मग करायचे कसे?

*ताट-पेले.* घरातली स्टीलची ताटे आणि पेले काढा. कमी पडले तर शेजारून घ्या, नाहीतर पळसाच्या पत्रावळी-द्रोण किंवा उसाच्या चिपाडापासून केलेल्या प्लेट आणा. कागदी कपाला भुलू नका, त्याच्या आत प्लास्टिकचा पातळ थर असतो. पाणी उकळून, गार करून, तोटीच्या पिंपात भरा.

*खाणे.* बुद्धपौर्णिमेला करतो तशी खीर, उकडलेली अंडी, पोहे, कलिंगड किंवा केळी. केक हवाच असेल तर रव्याचा, गूळ घालून, कुकरमध्ये होतो. दोन वर्षांखालच्या बाळाला साखर-गूळ देऊ नका. दुधाचे पदार्थ दोन तासांत संपवा, उन्हाळ्यात त्याआधीच.

*मेणबत्ती.* केकवर फुंकर मारली की थुंकीही उडते आणि तोच केक सगळे खातात. त्यापेक्षा लेकराच्या हाताने तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावा, त्रिसरण-पंचशील म्हणा, मग खाऊ वाटा.

*सजावट.* जुन्या साडीचा पडदा, कापडी पताका, झेंडूची फुले. पताका धुऊन ठेवल्या की भावंडांच्या वाढदिवसालाही चालतात.

*भेट.* महापरिनिर्वाण दिनी हार-मेणबत्त्यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याची चळवळ आपण पाहतो. तेच इथे करा. रिटर्न गिफ्ट म्हणून प्लास्टिकचे खेळणे देण्यापेक्षा पेन्सिल किंवा गोष्टीचे पुस्तक द्या.

*उरलेले.* ओले एका डब्यात, सुके दुसऱ्यात. काच फुटली तर जाड कागदात गुंडाळून, वर लिहून द्या.

कायदाही हेच सांगतो. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभरात प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, फुग्याच्या प्लास्टिक काड्या आणि सजावटीचे थर्माकोल यांवर बंदी आहे.

लोक काय म्हणतील?

खरी अडचण इथेच आहे. आया आम्हाला सांगतात, "ताई, स्टीलच्या ताटात दिले तर लोक म्हणतील, यांना परवडत नाही." ज्यांना पिढ्यान् पिढ्या फुटक्या मडक्यातून, वरून पाणी ओतले गेले, त्यांना चारचौघांत थाट करावासा वाटतो, हे आम्ही समजतो. पण आपला मान थर्माकोलच्या प्लेटवर अवलंबून नाही. पाहुण्याला घासलेल्या स्वच्छ ताटात वाढणे हाच खरा मान आहे. त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका.

एकट्या घराने हे अवघड जाते, म्हणून आमची सूचना आहे की विहारात ५० ताटे, ५० पेले, ५० वाट्या आणि दोन पिंपे ठेवावीत. प्रत्येक घराने एक-दोन भांडी दिली तरी जमते. नेणाऱ्याने वहीत नोंद करावी, साबणाने घासून, उन्हात वाळवून, मोजून परत करावीत. आणि ती घासायला फक्त बायकांनी बसू नये. बाप, काका, मोठी मुले, सगळ्यांनी बसावे.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर हा विषय काढा आणि पहिले ताट त्याच दिवशी जमा करा.