व्ही. पी. ते ‘कॅश ऑन डिलिव्हरी’

भारतात ऑनलाइन खरेदी का वाढली, असे वर्गात विचारले की ठरावीक उत्तरे मिळतात : मोबाइल स्वस्त झाले, इंटरनेट स्वस्त झाले, कंपन्यांनी भरमसाट सवलती दिल्या. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला ती अपुरी वाटतात. बेंगळुरूची ‘फॅबमार्ट’ १९९९ सालीच इंटरनेटवरून माल विकू लागली होती. ‘बाझी डॉट कॉम’ २००० साली निघाली आणि २००४ मध्ये ‘ईबे’ने ती विकत घेतली. म्हणजे दुकाने होती. सर्वसामान्य गिऱ्हाईक मात्र त्या दुकानांची पायरी चढत नव्हते. न पाहिलेल्या मालासाठी न पाहिलेल्या माणसाच्या हाती आधी पैसे कोणी द्यायचे, हा खरा अडथळा होता.

या अडथळ्याची मीमांसा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन केली आहे. मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असला, की ग्राहक चांगल्या मालालाही सरासरीचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता निघून जातो आणि बाजारात टाकाऊ मालच उरतो. (या विचाराबद्दल त्यांना २००१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे निवडत बसणाऱ्या भारतीय गृहिणीही या निबंधात भेटतात, हे मला वाचताना विशेष वाटले.) गावच्या वाण्याकडे हा प्रश्न ओळखीने सुटतो. तो खडे देईल तर उद्या त्याच्या ओट्यावर जाऊन चार माणसांदेखत भांडता येते. दूरच्या विक्रेत्याचा ओटा कोठे शोधायचा?

वस्तुतः दूरच्या विक्रेत्याचा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. टपालखात्याने १८७७ साली ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’, म्हणजे आपली व्ही. पी., सुरू केली. विक्रेत्याने पार्सल पोस्टात द्यायचे, पोस्टमनने ते दारी न्यायचे, किंमत वसूल झाल्यावरच हाती द्यायचे आणि पोस्टाने ते पैसे विक्रेत्याकडे पोचते करायचे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके, पंचांगे, औषधाच्या बाटल्या खेडोपाडी पोचल्या त्या या मार्गाने. अर्थात पैसे दिल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे, त्यामुळे आत काय निघेल ही धाकधूक राहीच. उलट घेणाऱ्याने पार्सल नाकारले, तर जाण्यायेण्याचा भुर्दंड विक्रेत्याच्या माथी बसे.

‘फ्लिपकार्ट’ २००७ साली बेंगळुरूत सुरू झाली तीही पुस्तकांनीच. त्या वेळी क्रेडिट कार्ड बाळगणारे थोडे होते. २००९ पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरील कार्डव्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली. ती सुरक्षिततेसाठी योग्यच होती, पण तिने व्यवहाराची एक पायरी वाढवली. २०१० साली या कंपनीने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली आणि पुढे इतरांनाही ती आणावी लागली. ‘ॲमेझॉन’ २०१३ साली आपल्या देशात दुकान मांडून बसली, तेव्हा तिलाही दारात रोख रक्कम घ्यावी लागली. परदेशातून आलेल्या धंद्याला येथे पाय रोवण्यासाठी एकशे तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वीची टपालखात्याची युक्ती उचलावी लागली, असे म्हटले तर वावगे ठरू नये. ज्या पिनकोडवर या साऱ्या वाहतुकीची वर्गवारी चालते, तोही टपालखात्याचाच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो अमलात आला आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी होते.

मात्र विश्वास फुकट मिळत नाही. त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, एका विक्रेत्याने दहा कुर्ते पाठवले. पाठवणीचा खर्च नगामागे ६० रुपये, परतीचा ५० रुपये. दहापैकी दोन गिऱ्हाइकांनी दारातूनच परत पाठवले. त्या दोहोंवर २२० रुपये गेले. ते उरलेल्या आठ नगांवर वाटले, तर प्रत्येकी साडेसत्तावीस रुपये पडतात. कुर्त्यामागे नफा ८० रुपये असेल, तर त्याचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग असा वाया जातो. भाव वाढवावा, तर प्रामाणिक गिऱ्हाईक दंड भरते. न वाढवावा, तर विक्रेता बुडतो. माझ्या मामांचे तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान आहे. त्यांनी वर्षभर एका कंपनीमार्फत ऑनलाइन विक्री केली. परत आलेल्या गठ्ठ्यांत वापरलेले, डाग पडलेले कपडे निघत. तक्रार केली की उत्तर यायचे ते छापील. शेवटी त्यांनी तो नाद सोडला. अकरलॉफने सांगितलेला बाजार सोडून जाणारा विक्रेता मला असा घरातच पाहायला मिळाला.

व्ही. पी. आणि आजची पद्धत यांत मला एक मोठा फरक दिसतो. व्ही. पी.मध्ये मध्यस्थ सरकारी होता; माल कोणाचा विकला जातो याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. आज बाजार कंपनीचा, पुष्कळदा वाहतूकही तिचीच, आणि तंटा झाला तर पहिला निवाडाही तीच देते. परकी भांडवलाच्या कंपन्यांना येथे केवळ बाजार चालवता येतो, स्वतःचा माल विकता येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने हा नियम आणखी कडक केला, कारण आपलाच हिस्सा असलेल्या विक्रेत्यांचा माल पुढे करण्याची पळवाट निघाली होती. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण बंधनकारक केले आहे. हे ग्राहकाच्या बाजूने झाले. लहान विक्रेत्याला बाजाराच्या मालकाविरुद्ध दाद मागण्याची तितकी सोपी वाट मला दिसत नाही.

आणि तिसरा माणूस तर हिशेबातच धरला जात नाही. २०१६ साली यूपीआय आले, तरी कित्येक घरांत आजही पार्सल दारात आल्यावरच पैसे दिले जातात. फक्त नोटांऐवजी मोबाइल पुढे होतो. तोपर्यंत पार्सल आणणारा मुलगा जिन्यात उभा असतो. जुना पोस्टमन पगारी नोकर होता; या मुलांपैकी पुष्कळांना नगावर पैसे मिळतात. गिऱ्हाइकाने माल नाकारला, पत्ता सापडला नाही, घराला कुलूप निघाले, तर त्याच्या वेळेचे मोल कोणी द्यायचे? राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. पण त्याचा भर नोंदणी, कल्याणनिधी आणि तक्रारनिवारण यांवर आहे. जिन्यातल्या त्या दहा मिनिटांचा दर त्यातून ठरत नाही.