लाकडी वस्तूवर कारागिराची खूण

कापडाच्या थानाच्या टोकाला गिरणीचा मार्का असतो. दुकानदार ते टोक शेवटपर्यंत कापत नाही, कारण गिऱ्हाईक आधी मार्का पाहते, मग कापडाला हात लावते. आमची उमर या धंद्यात गेली, तरी हीच गोष्ट लाकूडकामालाही लागू आहे हे आम्हाला उशिरा कळले.

तुमसर तालुक्यातील बपेरा हे मध्य प्रदेशच्या हद्दीजवळचे गाव. तिकडच्या कुणा वाढईने केलेली सागवानी पेटी वडिलांच्या वेळी आमच्या घरी आली. तिचे सांधे आजही घट्ट आहेत. मुलीच्या लग्नात तशीच दुसरी हवी होती. पेटीवर नाव नाही, विकणारा दुकानदार हयात नाही. ऑर्डर दुसऱ्याला गेली. त्या हुनरमंद माणसाच्या घरचे काम गेले, आणि त्यांना ते कळलेही नाही.

एका मिस्त्रीला हे सांगितले, तर तो म्हणाला, "नाव टाकून का फायदा, सेठजी? लाकूड तं बोलतेच." लाकूड बोलते खरे, पण पत्ता सांगत नाही.

कागदी चिठ्ठी ओलीने आणि वाळवीने जाते. पितळी पट्टी शोभते, पण दोन चुका काढल्या की तीही निघते. सर्वांत टिकाऊ म्हणजे डागून उमटवलेला ठसा. लोहाराकडून किंवा ओतारीकडून उलट्या अक्षरांचा ठसा करून घ्यावा. तो लाल होईपर्यंत तापवू नये. लाकूड जळते आणि अक्षरांच्या कडा पसरतात. त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी दोन-चारदा आजमावून पाहावे. रंधा आणि घासकाम झाल्यावर, पॉलिशच्या आधी डागावे, वरची काजळी बारीक कागदाने पुसावी. हातोडीने मारायचे लोखंडी पंच साग, बिजा अशा कठीण लाकडात चांगले उमटतात. मऊ लाकडात दाबलेले अक्षर ओल लागली की फुगून वर येते. ज्याच्याकडे काहीच साधन नाही त्याने खणाच्या आत पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. जिथे घासले जात नाही तिथे ते वर्षानुवर्षे राहते.

उर्दूत नाव घालण्याची हौस आम्हाला समजते, आमची शाळा उर्दूच. पण डागताना बारीक नुक्ते भरून जातात आणि नाव दुसरेच होते. ७८६ किंवा अल्लाहचे नाव पाट, स्टूल, पलंग यांवर घालू नये. तिथे पाय लागतात.

मिरजेचे उदाहरण पाहा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये करू लागले. पुढे 'सतारमेकर' हे आडनावच झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण ते मानांकन मुलखाचे आहे. वाद्य मिरजेचे, एवढेच ते सांगते. कोणत्या हाताचे, हे करणाऱ्याचे नावच सांगते.

खूण धंद्यात रुळली की ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येते. १९९९ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण. फर्निचर विसाव्या वर्गात येते, वाद्ये पंधराव्या. एकट्या कारागिराला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. नोंदणी होण्याआधी गोलातले 'आर' लावू नये, तो गुन्हा आहे.

दुकानदाराला कारागिराची खूण आवडत नाही, हे आम्ही दुकानदार असूनच सांगतो. गिऱ्हाईक थेट कारागिराकडे जाईल ही धास्ती असते. म्हणून सौद्याच्या वेळीच बोलून घ्यावे: खूण आतल्या बाजूला राहील, दुकानाची चिठ्ठी बाहेर लागेल, आणि त्या दुकानाच्या गिऱ्हाइकाची पुढची ऑर्डर आली तर दुकानाला ठरलेला हिस्सा पोहोचेल.