गुडघाभर पाण्यात मूल बुडतं कसं?

प्रश्न : बंगल्याच्या मागच्या अंगणात मी हौसेनं एक हौद बांधून घेतला आहे. आठ फूट बाय पाच, पाणी जेमतेम दीड फूट. त्यात कमळं आहेत, गप्पी मासे आहेत, चार-पाच कोई आहेत. मे महिन्यात लेक तिच्या वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन येते आहे आणि तिनं फोनवरच फर्मान काढलंय, ‘बाबा, हौद रिकामा करा, नाहीतर आम्ही हॉटेलात उतरतो.’ गुडघाभर पाण्यात मूल बुडेलच कसं? आणि तेही घरात सहा मोठी माणसं असताना?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, या भांडणात मी तुमच्या लेकीच्या बाजूनं आहे. हौद मात्र वाचवता येईल.

आधी पाण्याचं. तुमच्या गुडघ्याशी येणारं ते पाणी नातवाच्या बेंबीशी येतं, तेही तो उभा असला तर. पण तो उभ्यानं पडणार नाही, डोक्यावर पडेल. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण आठवा हिस्सा असतं, या वयाच्या मुलाचं पाचवा. सगळा भार वरच्या अंगाला. कठड्यावर पोट टेकून मासे बघायला वाकलं की पाय सुटतात आणि तोंड सरळ पाण्यात जातं. हातात जोर नाही, तळाला शेवाळ, त्यामुळे डोकं वर उचलून उभं राहणं त्याला जमत नाही. नाक-तोंड बुडण्यापुरतं, म्हणजे दोन इंच पाणीही पुरतं. म्हणून हौद अर्धा उपसून काही साधत नाही. आणि म्हणूनच न्हाणीघरातली भरलेली बादलीही तितकीच वाईट. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं म्हणून ती कायम भरलेली असते. लेक येण्याआधी तिकडेही एक नजर टाका.

आता तुमची सहा माणसं. मूल बुडताना आरडाओरडा करेल, हातपाय झाडेल, असं आपण धरून चालतो. ते सिनेमात. ओरडायला श्वास लागतो आणि तोंड पाण्यात गेलेल्या मुलाकडे तोच नसतो. एक ‘डुबुक’ ऐकू आलं तर आलं, कुकरची शिट्टी चालू असली तर तेही नाही. मेंदूला चार ते सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा व्हायला लागते. पाहुण्यांना गेटपर्यंत सोडून, तिथं निरोपाचं दुसरं सत्र उरकून परत यायला आपल्याला याहून जास्त वेळ लागतो. शिवाय सहा माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, मूल दुसऱ्याकडे आहे. बारशाला, दिवाळीला, लग्नघरात हेच होतं. बांगलादेशात घरामागे पुकुर, म्हणजे तळं, असतंच आणि तिथं लहान मुलं बहुतेक करून सकाळी, आई कामात असताना बुडतात. म्हणून गावोगावी सकाळी नऊ ते एक या वेळात चालणारी ‘आँचल’ नावाची पाळणाघरं काढली गेली. मूल त्या वेळात एका ठरलेल्या बाईच्या ताब्यात. तुमच्याकडेही ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ असं सांगू नका. ‘जेवण होईपर्यंत तो मामाकडे’ असं नाव घेऊन सांगा आणि मामाचा मोबाइल काढून घ्या.

पण लक्ष ही दुसरी फळी. पहिली फळी लोखंडाची.

हौदावर पालापाचोळ्यासाठी नायलॉनची जाळी असेल तर ती यात धरू नका. मूल पडलं की ती खचते आणि त्यातच हातपाय अडकतात, म्हणजे नसती तर बरं. फॅब्रिकेटरकडून अँगलच्या फ्रेममध्ये जाड सळईची जाळी करून घ्या. घरं दोन-अडीच इंचांची ठेवा. कमळाची कोवळी पानं गुंडाळलेलीच वर येतात, ती त्यातून निघतात. माशांना या सगळ्याचा पत्ताही लागत नाही, उलट खंड्या आणि बगळ्यापासून सुटका. कळ्या अडतील तिथं जाळी कापायचा मोह मात्र आवरा. एक उन्हाळा चार फुलं कमी. जाळी पाण्याच्या वर राहायला हवी आणि वजनानं वाकून पाण्याला टेकता कामा नये. बसवल्यावर तुम्ही स्वतः, किंवा घरातलं सगळ्यात वजनदार माणूस, मधोमध उभं राहून बघा. जावईबापू असतील तर उत्तमच. पावसात पाणी जाळीवर चढू नये म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप तिच्या चार इंच खाली काढा. आणि फ्रेमला कुलूप, कारण वीस महिन्यांच्या मुलाचा पाच वर्षांचा मावसभाऊही येणारच.

कुंपण करायचं झालं तर ऑस्ट्रेलियात घरच्या पोहण्याच्या तलावांना असतं तसं करा. उंची किमान १.२ मीटर, चढायला आडव्या पट्ट्या नाहीत, फाटक आपोआप मिटणारं आणि कडी मुलाच्या हाताला न येणारी. जवळ खुर्ची, कुंडी, उलटी बादली ठेवलीत तर सगळा खर्च पाण्यात. हौदाचा बुटका कठडा कुंपण म्हणून धरू नका, तो मुलासाठी पायरी आहे.

मेपर्यंत यातलं काहीच जमणार नसेल, तर मासे जाळीचं झाकण लावलेल्या पिंपात हलवा, हौद कोरडा करा आणि त्यात वाळू ओता. नातवाला त्याहून मोठी मेजवानी नाही. नुसता रिकामा मात्र ठेवू नका, वळवाच्या पावसानं त्यात बुडण्यापुरतं पाणी साठतं.

आणि घरातल्या निदान दोघांनी एक शिकून घ्या. बुडालेल्या मुलाला उलटं धरणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, यात मोलाची मिनिटं जातात आणि उलटी श्वासनलिकेत जायची भीती असते. व्हॉट्सॲपवर फिरणारा मिठात पुरून ठेवायचा उपाय तर निव्वळ क्रूर आहे. मूल श्वास घेत नसेल तर एकानं १०८ लावायचा. दुसऱ्यानं पाठीवर झोपवून, हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून आधी पाच वेळा तोंडानं श्वास द्यायचा. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा दोन श्वास, रुग्णवाहिका येईपर्यंत. हे वाचून येत नाही, बाहुल्यावर हात बसवावा लागतो. शुद्धीवर आलेल्या मुलालाही दवाखान्यात न्यायचंच.

प्रश्न : आमच्या शेततळ्यात मासे सोडलेत. मोठी मुलं आठ-दहा वर्षांची आहेत, त्यांना पोहायला शिकवलं की काळजी मिटेल ना?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : शिकवाच, वय अगदी बरोबर आहे. पण काळजी मिटणार नाही. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनं गावोगावी तळी झाली. तीस बाय तीस मीटरचं तळं तीन मीटर खोल, उताराला प्लास्टिकचं अस्तर, त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणाराही काठाला येतो आणि वर चढू शकत नाही. तेव्हा चारी बाजूंनी तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप हवंच. शिवाय प्रत्येक उतारावर पाण्याच्या तळापर्यंत जाणारा गाठी मारलेला जाड दोर काठावरच्या खांबाला बांधा. एकाला वाचवायला दुसरं मूल उडी मारतं आणि दोघंही जातात, असं वारंवार घडतं. मुलांना सांगा, उडी नाही, वस्तू फेकायची आणि मोठ्यांना हाक मारायची. फाटकाशी दहा लिटरचा रिकामा कॅन लांब दोरीला बांधून टांगून ठेवा. झाकण घट्ट लावलेलं असू द्या, आणि तो डिझेलसाठी कुणी पळवत नाही ना, एवढं बघा.